त्यांच्या वाटीतले दाणे

मटार सोलता सोलता तू माझ्या हातावर चापट मारली. आपल्या दोघांतलं शेवटचं काही असेल तर ते हेच.

अंगणात ऊन आलं होतं. शेंगांची पिशवी मी खाटेवर उपडी केली, मधे परात ठेवली, आणि आपण समोरासमोर बसलो. पौषात जबलपुरात घरोघरी हेच चालतं. तुला गॅस कसा पेटवायचा ते आठवत नव्हतं, पोटच्या पोरीचं नाव आठवत नव्हतं, पण शेंग हातात आली की अंगठा बरोबर तिच्या पोटावर जायचा आणि दाणे सर्रकन परातीत पडायचे. माझी एक शेंग होईस्तोवर तुझ्या तीन. मोठे दाणे परातीत, आणि कवळे, बारीक दाणे बाजूच्या वाटीत. लग्न झालं तेव्हापासून तू असंच करत आली. कवळे दाणे माझे, कारण मला ते कच्चेच आवडतात.

म्हणून मी वाटीत हात घातला, आणि तू चापट मारली.

"राहू द्या भाऊजी. ते ह्यांचे आहेत."

मी तुझा भाऊजी नव्हतो वं. मी तुझा नवरा होतो. पण गणपतीपासून तुझ्या लेखी मी मेलो होतो, आणि समोर बसून शेंगा सोलणारा म्हातारा म्हणजे वामन, माझा फॅक्टरीतला दोस्त. खरं तर वामन मेला आणि मी वाचलो. तू उलटं करून टाकलं होतं.

इथल्या मराठी मंडळाचे लोक आले होते. मंडळाच्या अंकासाठी वहिनींवर चार ओळी लिहून द्या म्हणे. जन्म कुठला, साल कोणतं, कोणत्या कोणत्या कार्यात भाग घेतला. तुझं जन्माचं साल तुझ्या बापालाही सांगता येत नव्हतं, ज्या वर्षी विहीर आटली त्या वर्षी झाली एवढंच तो सांगायचा. ते मी काय लिहू? मी सातवीत शाळा सोडली. मला तुझ्याशी बोलता येतं, तुझ्याबद्दल लिहिता येत नाही. म्हणून कागदावर तुझ्याशी बोलूनच राहिलो. ज्याला वाचायचं तो वाचेल.

आधी त्या दिवसाचं बोलतो, कारण आपण दोघं जन्मभर त्याबद्दल बोललो नाही.

मी बॉम्ब भरायच्या शेडमध्ये होतो, तुला माहीतच आहे. वामन माझ्या शेजारच्या टेबलावर. त्या दिवशी मला पेट्या आणायला स्टोअरकडे पाठवलं, आणि मी अर्ध्या रस्त्यात असताना शेड उडाली. माझ्या कानांत नुसती शिट्टी वाजून राहिली होती. मग आम्हाला आतच बसवून ठेवलं, मोजणी करत होते, कोण आहे, कोण नाही. तू बाहेर गेटवर. क्वार्टरमधल्या सगळ्या बायका गेटवर. ते मला नंतर लोकांनी सांगितलं. कोणीतरी आतून येऊन म्हणालं की उस शेड का कोई नहीं बचा. वामनची बायको, लीलावहिनी, तुझ्या बाजूलाच उभी होती. तिनं तिथंच गेटच्या खांबावर हात आपटून बांगड्या फोडल्या. बायका तुझ्याकडंही आल्या. तू हात पदरात गुंडाळून घेतले आणि कोणाला हात लावू दिला नाही.

दिवेलागणीला मी बाहेर आलो. आमच्या शेडमध्ये कापडी जोडे घालावे लागत, खिळा चालत नसे, तेच जोडे पायात. तू माझ्या तोंडाकडं पाहिलंच नाही. पायांकडं पाहिलं आणि म्हणाली, "चपला कुठं आहेत?"

मी म्हणालो, आत राहिल्या. तू म्हणाली, चला.

बस, त्या दिवसाबद्दल आपलं एवढंच बोलणं झालं. लीलावहिनी महिनाभरात माहेरी वर्ध्याला गेली. जाताना तू तिच्या बॅगेत काय काय भरलं, पण तिच्या गळ्याकडं तुझ्यानं पाहवेना, ते मी पाहिलं होतं.

आणि त्यानंतर तुझा तो हट्ट सुरू झाला. आधी मी जाणार. बाकीच्या बायका वडाला फेऱ्या मारून सात जन्म मागायच्या. तू घरी येऊन मला सांगायची, सात जन्म नको, मी त्याला सांगितलं, ह्याच जन्मात मला आधी ने. मी म्हणायचो, काहून वं, एवढा कंटाळा आला का? तू म्हणायची, कंटाळ्याचं नाही, मला लीला व्हायचं नाही. मी म्हणायचो, मग मी काय करू मागं राहून, मला तर चहाही येत नाही. तू म्हणायची, शिका. आणि खरंच, मी रिटायर झालो तसं तू मला शिकवायला घेतलं. पोळी माझी कधी गोल झाली नाही. तू म्हणायची, चालते, नकाशा खायला मिळतो, आज ओरिसा, काल गुजरात. एकदा पोळी लांबट आली तर म्हणाली, हा आपला जुना मध्यप्रांत, नागपूरसकट. तुझं माहेर परराज्यात गेल्याचा राग तुला पोळीतही दिसायचा.

आधी कोण, हे भांडण आपलं शेवटपर्यंत मिटलं नाही. तू जिंकली. पण कशी जिंकली ते ऐक.

फॅक्टरीच्या भोंग्याचं तर सगळ्या क्वार्टरला माहीत होतं. सुटीचा भोंगा झाला की तू हातातलं काम टाकून दारात. पोळी तव्यावर जळो, पोरगी रडो. मी गल्लीत दिसलो की आत. लोक हसायचे. मला म्हणायचे, भैया, भाभी ने तो आपकी हाजिरी लगा दी. मी रिटायर झालो, आपण घमापुरातल्या या घरात आलो, मी खाटेवर पेपर घेऊन पडलेला असायचो, तरी वारा इकडचा असला आणि भोंगा कानावर आला की तू दारात जाऊन उभी राहायची. मी आतून ओरडायचो, अवं, मी इथं आहे. तू म्हणायची, माहीत आहे मला. आणि तरी उभी राहायची.

म्हणून जेव्हा तुझं विसरणं सुरू झालं, तेव्हा मी म्हणालो की हा तो जुना धसका आहे. आधी मीठ दोनदा. मग दूध ठेवून विसरणं. मग बड़े फुहाऱ्याच्या बाजारात बांगड्या घ्यायला गेली ती रिक्षावाल्याला जुन्या क्वार्टरचा पत्ता सांगून तिथं जाऊन उतरली, आणि त्या घरातल्या परक्या बाईला म्हणाली, तू माझ्या घरात काहून? शोभा आली. आपली पोरगी शाळेत शिकवते, तिला सगळं माहीत असतं. ती म्हणाली, बाबा, धसका वगैरे काही नाही, आईला विसरायची बीमारी झाली आहे, डॉक्टरला दाखवावं लागेल. मी म्हणालो, तू तेव्हा पाळण्यात होती, तुला काय माहीत आईनं काय पाहिलं. ती म्हणाली, एवढ्या वर्षांनी? मी म्हणालो, धसक्याला वर्षं नसतात. दोन दिवस आम्ही एकमेकांशी बोललो नाही. शेवटी ती म्हणाली, चलो, डोक्याचा फोटो काढू, मग कळेल कोण खरं.

मला ते पटलं. फोटो खोटं बोलत नाही असं मला वाटलं.

मोठ्या मशीनच्या दवाखान्यात तुला नेलं. तिथली पोरगी फार गोड होती. दादी, दादी करून तुझ्याशी बोलत होती. म्हणाली, मशीन में चुंबक है, अंगावर धातूचा तुकडा चालणार नाही, सब उतारना पड़ेगा. मला तर हसू आलं. आमच्या शेडच्या गेटवर हेच. अंगठी काढा, पट्टा काढा, काडेपेटी आहे का पाहू, जोडे बदला. रोज झडती. मी तुला म्हणालो, घे, जन्मभर विचारत होती ना तुमच्या शेडमध्ये काय असतं, आज तू माझ्या शेडमध्ये चालली. तू हसली पण. माझ्याकडं पाहून हसली. मी तुझा नवरा म्हणून ते शेवटचं.

शोभानं मंगळसूत्र काढलं. तेच, सराफ्यातून घेतलेलं, दोन वेळा गाठलेलं. जोडवी निघेनात, साबण लावून काढली. बांगड्यांवर सोनेरी काम होतं, म्हणून त्याही काढल्या. पांढरा झगा घातला. तुझं कुंकू घामानं डोळ्यात उतरून राहिलं होतं, तर त्या पोरीनं ओल्या कापसानं पुसलं. चांगल्या मनानं पुसलं. डोळ्यात जाऊन आग होईल म्हणून. तिचं काही चुकलं नाही, शोभाचं नाही, माझंही नाही. नंतर मंडळातल्या एक काकू म्हणाल्या, गळ्यात दोऱ्यानं हळकुंड तरी बांधायचं होतं, आमच्या ऑपरेशनच्या वेळी सासूनं बांधलं होतं. आता मला काय माहीत बायकांच्या गोष्टी? शोभाला कोण सांगणार होतं? ज्या घरात असं सांगायचं काम तुझं होतं, त्या घरातली तूच त्या झग्यात होती.

मशीन भिंतीपलीकडं ठोकत होती. धाड धाड धाड, मग थांबायची, मग पुन्हा. मी बाकावर हात काखेत दाबून बसलो होतो. शोभानं विचारलं, बाबा, एसी लागते का? मी हो म्हणालो.

तू बाहेर आली. कपडे बदलायच्या जागी भिंतीला आरसा होता. शोभा साडीच्या निऱ्या करून देत होती, मी पडद्याबाहेर तुझी पिशवी घेऊन उभा. तू आरशात पाहिलं. मोकळा गळा, मोकळे हात, पांढरं कपाळ. बराच वेळ पाहत राहिली असं शोभा सांगते. ओरडली नाही, रडली नाही. पडदा सारून बाहेर आली, पदर डोक्यावरून घेतला, आणि मला विचारलं, "हे कधी गेले?"

मी म्हणालो, कोण?

तू म्हणाली, "सांगा ना भाऊजी. तुम्ही तर सोबतच होते."

मला अर्थ लागायला वेळ लागला. लागला तेव्हा मी तिथंच पिशवीतून मंगळसूत्र काढून तुझ्या गळ्यात घालायला गेलो. तू मागं सरकली. परका माणूस गळ्याला हात लावायला आला की बाई जशी सरकते तशी.

डॉक्टरनं दोन दिवसांनी फोटो दाखवला. काळी फिल्म, मागून उजेड. अक्रोड फोडल्यावर आत निघतो तसं दिसत होतं. त्यानं बोटानं दाखवलं, ये देखिए, कानामागच्या बाजूला आत, दोन्हीकडं, नवी गोष्ट जिथं आधी साठते ती जागा. ती आटली होती. भोवती काळं पाणी साचल्यासारखं. शोभानं माझ्याकडं पाहिलं. मी त्याला सगळं सांगितलं, गेट, लीलावहिनी, भोंगा. म्हणालो, खरं सांगा, हा धसका आहे की बीमारी?

भला माणूस होता. हसला नाही, घाईही केली नाही. म्हणाला की ज्यांच्या मनात असा जुना डर घर करून बसतो, त्यांच्याही फोटोत पुष्कळदा हीच जागा लहान दिसते. पण तुमच्या पत्नीचं वय आहे, बाकीचा भागही आकसला आहे, लक्षणं तशी आहेत, बीमारी आहेच. आणि डर नव्हता असं मी या फोटोवरून म्हणू शकत नाही. म्हणजे शोभा खरी आणि मीही खरा. दोघंही जिंकलो आणि कोणाला आनंद झाला नाही.

मी विचारलं, डॉक्टरसाब, याच्यात मी कुठं आहे का? शोभा म्हणाली, बाबा. पण तो म्हणाला, "बाबूजी, ये मकान का फोटो है. अंदर कौन बैठा है, वो इसमें नहीं आता."

मग त्यानं मला उलट विचारलं, उस दिन के बाद आपको नींद आती थी? मी म्हणालो, मला काय झालं, मी तर वाचलो. गेल्या पन्नास दिवाळ्यांत मी एकही फटाका वाजवला नाही हे तूच त्याला सांगू शकली असती, आणि तू तिथं बाकावर पदर घेऊन माझं सुतक पाळत बसली होती.

आता मी पुढचे महिने सांगतो, आणि मला त्यात तुझा राग येत नाही, हे आधीच सांगतो.

मंगळसूत्र शोभानं घातलं की तू काढून देवापुढं ठेवायची. लोक काय म्हणतील म्हणायची. कुंकू लावलं की पुसायची. ताटात गोड वाढलं की बाजूला सारायची. माझ्यासमोर पदर घ्यायची, माझ्या खोलीत यायची नाही, आणि तरी मी जेवलो की नाही हे शोभाला विचारायची. वामन भाऊजींची लीला माहेरी गेली, बिचाऱ्यांना कोण वाढणार, म्हणायची. तू वामनचं इतकं पाहत होती की मला वामनचा हेवा वाटायचा.

मला एकच खुपत होतं. पन्नास वर्षं तू एकच मागितलं, लीलासारखं व्हायचं नाही, अहेव जायचं. मी समोर जिवंत बसलो आहे, दोन वेळा जेवून राहिलो, खोकून राहिलो, आणि तू आतून लीला होऊन बसली. अशीच गेली तर? माझं काय, मला वामन म्हण नाहीतर कोणी म्हण. पण तू विधवा म्हणून जाऊ नये. म्हणून मी काय काय नाही केलं. लग्नाचा फोटो दाखवला. तू म्हणाली, हेच ते, किती वाळले होते तेव्हा. माझी पेन्शनची आयडी दाखवली. तू म्हणाली, त्यांचं सगळं सांभाळून ठेवलं तुम्ही, बरं झालं.

एक दिवस मी ट्रंकेतून जुना खाकी शर्ट काढला. छातीवर बसेना, वरची दोन बटनं उघडी ठेवली. जेवणाचा डबा घेतला. शोभा म्हणाली, बाबा, हे काय नाटक? मी म्हणालो, तू गप बस. गल्लीच्या तोंडाशी जाऊन किराणावाल्याजवळ उभा राहिलो. भोंगा झाला तसा निघालो. तू दारात होती, होतीच, मेलेल्या नवऱ्याच्या भोंग्यालाही तू दारात होती. मी फाटक उघडलं आणि म्हणालो, "आलो वं."

तू शर्टाकडं पाहिलं, डब्याकडं पाहिलं. दोन्ही हात पुढं करून डबा घेतला. म्हणाली, "त्यांचा डबा आणून दिला, उपकार झाले भाऊजी." आणि तो डबा छातीशी धरून पायरीवर बसून रडली. चार महिन्यांत तू रडली ती तेवढीच. मी तो शर्ट जाळणार होतो, शोभानं लपवून ठेवला.

त्यानंतर मी वामनच झालो. आणि मग तू बोलायला लागली. त्या दिवसांसाठी मी त्या बीमारीलाही नमस्कार करतो.

दुपारी ऊन खात बसलो की तू मला माझ्याबद्दल सांगायची. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात, तू ते काही पाळलं नाही. घोरायचे, म्हणे, जशी चक्की. कोणत्या भाजीला जन्मात चांगली म्हणाले नाहीत, ताट पुसून खाल्लं की समजायचं आवडली. तुझ्या बापानं लग्नात पाय धुवायला कोमट पाणी दिलं नाही म्हणून ह्यांनी तीन दिवस तोंड फुगवलं. मी म्हणालो, खोटं आहे, एकच दिवस. तू म्हणाली, तुम्ही कुठं होते तेव्हा भाऊजी, तुम्हाला काय माहीत. आणि डब्यात गजरा आणायचे. सोबतचे हसतील म्हणून रिकाम्या डब्यात पानात गुंडाळून. गजऱ्याला भाजीचा वास यायचा. मी तसाच माळायची. वांग्याच्या वासाचा गजरा सगळ्या क्वार्टरमध्ये माझा एकटीचा.

आणि एक दिवस म्हणाली, "भोंग्याला मी दारात उभी राहायची ना, बायका हसायच्या. हे कधी हसले नाहीत. सगळे गेटवरून निघाले की टपरीवर चहाला थांबायचे. ह्यांची सायकल कधी थांबली नाही. गल्लीत शिरायचे तेव्हा धाप लागलेली असायची आणि असं दाखवायचे की सहज आले."

स्फोटात मेलेला माणूस स्फोटानंतर तीस वर्षं सायकल हाणत घरी कसा येतो, हे मी विचारलं नाही. मला वाटायचं तुला दिसत नाही. मी वळणावर उतरून, दम घेऊन, घाम पुसून मग गल्लीत यायचो. आणि तुला सगळं दिसून राहिलं होतं, आणि तूही तीस वर्षं दाखवलं नाही. का गं बोललो नाही आपण? मलाही भीती वाटायची वं. की एखाद दिवशी मला उशीर झाला तर तू दारातल्या दारात गेटवरची बाई होऊन जाशील. हे मी तुला कधी सांगितलं नाही. वामन म्हणून सांगावं असं त्या दुपारी मनात आलं, पण ते वामनच्या तोंडून बरं दिसलं नसतं.

आता मटार.

तू चापट मारली. ते ह्यांचे आहेत म्हणाली. मी हात मागं घेतला आणि शेंगा सोलत राहिलो. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. एवढ्या महिन्यांत तू माझ्यासाठी काही बाजूला ठेवलं नव्हतं. मेलेल्या माणसाचं कोण ठेवतं?

मी हळूच म्हणालो, "वहिनी, हे तर गेले म्हणता ना तुम्ही."

तू शेंग फोडत होती. वर पाहिलंही नाही. म्हणाली, "कोण म्हणतं?"

मी म्हणालो, तुम्हीच.

तू म्हणाली, "गेटवर लोक काहीही बोलतात भाऊजी. मी नाही ऐकत. येतील. उशीर झाला आज."

आणि उठून वाटी ताटली झाकून खिडकीत ठेवली.

मी अजून काही विचारलं नाही. विचारलं असतं आणि पुन्हा उलटं झालं असतं तर? मी परात घेऊन आत गेलो, दाणे धुतले, चहा ठेवला. तू खाटेवर सालींच्या बाजूला आडवी झाली होती, उन्हात, भिंतीकडं तोंड करून. चहा घेऊन आलो तर तू नव्हती. हाताच्या मुठीत एक शेंग होती, न फोडलेली.

शोभा आली, शेजारपाजार जमला. बायकांनी तुला हिरवं नेसवलं, हिरव्या बांगड्या भरल्या, मळवट भरला. शोभानं देवापुढचं मंगळसूत्र आणून गळ्यात घातलं. या वेळी तू काढलं नाही. मंडळातल्या त्या काकू म्हणाल्या, पुण्यवान बाई, अहेव गेली. सगळ्यांनी मान डोलावली. शोभा मला बाजूला घेऊन रडत म्हणाली, बाबा, आईला कुठं माहीत होतं?

मी म्हणालो, माहीत होतं. ती म्हणाली, कशावरून? मी म्हणालो, मटारावरून. तिला वाटलं बापाचंही डोकं गेलं. वाटू दे. तिचा विश्वास फोटोवर, माझा वाटीवर. लीलावहिनीनं बांगड्या फोडल्या तेव्हा तू हात पदरात गुंडाळले होते. शेवटच्या दुपारी तू पुन्हा तिथं जाऊन उभी राहिली, त्याच गेटवर, आणि लोकांचं ऐकलं नाही. मला ओळखलं असतं तर मला बरं वाटलं असतं, खोटं काहून बोलू. पण तू विधवा नव्हती. तू वाट पाहत होती. वाट पाहणारी बाई अहेवच असते.

दिवस बुडायच्या आत ग्वारीघाटावर सगळं झालं. नर्मदेवर थंडी फार होती. तुझी शाल मी अंगावर घेतली, लोकांनी काही म्हटलं नाही.

सकाळी उठलो. शोभा दमून झोपली होती. चूल बंद, घर सुनं. अंगणात खाटेखाली साली तशाच पडल्या होत्या आणि खिडकीत ताटली झाकलेली वाटी. मी पायांत चपला घातल्या, फाटक उघडून गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो. किराणावाला शटर उघडत होता. म्हणाला, बाबूजी, इतनी सुबह? मी म्हणालो, काम आहे. तिथं उभा राहिलो. भोंगा झाला, सकाळचा, कामावर जायचा. मी निघालो. कुठं थांबलो नाही, वळणावर दमही घेतला नाही, धापा टाकतच फाटकातून आत आलो.

मग खिडकीतली वाटी उचलली, दारात बसलो आणि सगळे दाणे खाल्ले. थोडे सुकले होते. गोड होते वं.